आरएल०२चं सोंग: पीडीपी-११ला डिस्क नेमकी कुठून द्यायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विद्यापीठाच्या अडगळीतून निघालेलं पीडीपी-११/३४ए (डेक कंपनीचा जुना मिनीकॉम्प्युटर) गॅरेजमध्ये आणून ठेवलंय. सोबत एक आरएल११ कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड), दोन आरएल०२ डिस्क ड्राइव्ह आणि त्यांत घालायचे सहा पॅक, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डिस्क. सीपीयू आणि मेमरी चालते, कन्सोलवर प्रॉम्प्ट येतो. पण एका ड्राइव्हचा फॉल्टचा दिवा विझत नाही आणि दुसरा फिरायला लागला की किर्र आवाज करतो. डिस्कच्या जागी एखादा ओपन सोर्स इम्युलेटर (डिस्कचं सोंग आणणारं यंत्र किंवा प्रोग्राम) लावून मशीन चालवायचंय. सिमएच, युनिबोन, टीयू५८ ही नावं वाचून गोंधळ उडालाय, तर यातलं घ्यायचं काय?

आधी एक सांगतो, इम्युलेटरचं नंतर. तो किर्र करणारा ड्राइव्ह आजपासून बंद. आवाज बेअरिंगचा असेल किंवा हेड (मजकूर वाचणारा-लिहिणारा भाग) प्लॅटरला, म्हणजे फिरत्या चकतीला, घासत असेल. दुसरं असेल तर त्यात घातलेला प्रत्येक पॅक खरवडला जाणार, आणि तो खरवडलेला पॅक उद्या चांगल्या ड्राइव्हमध्ये घातलात की त्याची हेडही गेली. ही साथ अशीच पसरते. मी शिकाऊ होतो तेव्हा एका छोट्या संग्रहालयात एका दुपारी तीन पॅक आणि दोन ड्राइव्ह घालवले होते. पहिल्या ड्राइव्हमध्ये पॅक वाचेना, म्हणून तोच काढून दुसऱ्यात घालून पाहिला, एवढंच माझं कर्तृत्व. संध्याकाळी हेड काढून बघितली तर त्यांवर तपकिरी थर बसलेला. तो थर म्हणजे कुणाचा तरी डेटा होता.

आरएल०२च्या पॅकची आणखी एक नाजूक बाजू आहे. हेड ट्रॅकवर धरून ठेवायला लागणाऱ्या सर्व्होच्या खुणा या पॅकच्या पृष्ठभागावरच, डेटाच्या सेक्टरांच्या मधे, कारखान्यात लिहिलेल्या असतात. ड्राइव्हला त्या फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत. त्यामुळे ‘एकदा पुसून नव्याने फॉरमॅट करू’ हा मार्गच नाही. चुंबकाने पुसलेला आरएल०२ पॅक म्हणजे भिंतीवर टांगायची थाळी. डेकच्या त्याहून जुन्या आरके०५ डिस्कचं तसं नव्हतं, तिथे ड्राइव्हच्या आतल्या काचेच्या पट्टीवरून जागा मोजली जायची आणि पॅक घरच्या घरी फॉरमॅट व्हायचा.

फॉल्टचा दिवा लागलेल्या ड्राइव्हबद्दल मला जास्त आशा आहे. केबलच्या शेवटच्या टोकाला टर्मिनेटर (तारेचं टोक नीट बंद करणारा जोड) आहे का, वाहतुकीसाठी हेडच्या पोझिशनरला लावलेला अडसर काढलाय का, आणि युनिट नंबरचं बटण नीट बसलंय का (दोन्ही ड्राइव्हना एकच नंबर तर नाही ना), हे तीन बघा. अडगळीतून आलेल्या निम्म्या ‘बिघडलेल्या’ ड्राइव्हचा आजार यातलाच एखादा निघतो. बरा झालाच तर तो जपून ठेवा, कारण पॅकवरचा मजकूर उतरवायला खरा ड्राइव्हच लागेल. इम्युलेटर पॅक वाचत नाही. हे सांगायची गरज नसावी, पण दर वर्षी कुणीतरी मला विचारतंच.

आता सोंगाकडे येऊ. डिस्कचं सोंग म्हणजे मशीनच्या कुठल्यातरी सांध्यावर तोडायचं, पलीकडे नवं इलेक्ट्रॉनिक्स बसवायचं आणि अलीकडच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. सांधा ठरला की सॉफ्टवेअर आपोआप ठरतं. लोक आधी बोर्ड विकत घेतात आणि मग सांधा शोधत बसतात, तिथे गोंधळ होतो.

सगळ्यात बाहेरचा सांधा म्हणजे अख्खं मशीनच सोंग. सिमएच ते करतं. डेकमध्ये अनेक वर्षं मोठ्या पदावर काम केलेल्या बॉब सुपनिक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प सीपीयूपासून डिस्कपर्यंत सगळं लॅपटॉपवर चालवतो. खरं मशीन घरात असताना याचा काय उपयोग, असं वाटेल. पण मी कुठलीही डिस्क-प्रतिमा (डिस्कवरच्या मजकुराची हुबेहूब फाइल) खऱ्या मशीनवर चढवण्याआधी सिमएचमध्ये बूट करून बघतो. तिथे बूट होते आणि मशीनवर होत नाही, म्हणजे दोष मशीनमध्ये किंवा इम्युलेटर कार्डात. दोन्हीकडे होत नाही, म्हणजे प्रतिमा खराब. एवढ्या एका विभागणीने माझे किती रविवार वाचलेत, त्याला हिशोब नाही.

दुसरा सांधा सिरीयल तारेचा. टीयू५८ ही डेकची छोटी टेप-काडतूस यंत्रणा. एका काडतुसात ५१२ ब्लॉक, म्हणजे २,६२,१४४ बाइट. ती मशीनशी साध्या सिरीयल लाइनवरून बोलायची, म्हणून तिचं सोंग लॅपटॉपवरचा छोटासा प्रोग्रामही आणू शकतो. टीयू५८ईएम आणि टीयू५८एफएस हे दोन्ही ओपन सोर्स आहेत, आणि दुसऱ्यात तर लॅपटॉपवरचं एखादं फोल्डरच टेप म्हणून दाखवता येतं. गती कासवाची, पण खर्च एका केबलचा. तुमच्या ११/३४मध्ये कन्सोलसाठी डीएल११-डब्ल्यू हे सिरीयल कार्ड असणार, टीयू५८साठी ७७६५०० पत्त्यावर दुसरं डीएल११ लागेल. ते सापडलं तर आजच्या आज आरटी-११ (डेकची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) चालू होईल. (पत्ते सगळे ऑक्टलमध्ये. या घरात दशमान चालत नाही.)

तिसरा सांधा बसचा. कंट्रोलर आणि ड्राइव्ह दोन्ही काढून त्या जागी एकच कार्ड युनिबसवर, म्हणजे मशीनमधली सगळी कार्डं जोडणाऱ्या सामाईक तारांवर, बसवायचं. युनिबोन ते हेच. चौथा सांधा कंट्रोलर आणि ड्राइव्हच्या मधल्या केबलचा: आरएल११ खराच ठेवायचा आणि फक्त ड्राइव्हचं सोंग आणायचं. हे अवघड काम. तिथे ब्लॉक नाही, खळाळत येणारे बिट द्यावे लागतात, सेकंदाला सुमारे ४१ लाख, आणि तेही सेक्टरचं शीर्षक, सीआरसी (चूक पकडायचा आकडा), मधल्या रिकाम्या जागा यांच्यासकट. म्हणून असले इम्युलेटर बहुधा एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपवर) बांधतात. संग्रहालयाला खरा कंट्रोलर चालताना दाखवायचा असेल किंवा तुम्हाला आरएल११च दुरुस्त करायचा असेल, तर या वाटेला जा. नुसतं मशीन वापरायचं असेल तर नको.

मायक्रोव्हॅक्सच्या, म्हणजे डेकच्या नंतरच्या काळातल्या मशीनसाठी हिशोब वेगळा. तिथे स्कझी (डिस्क जोडायची एक प्रमाणित पद्धत) असेल तर स्कझी२एसडी, ब्ल्यूस्कझी, झुलुस्कझी यांतलं काहीही लावा आणि जेवायला जा. एमएफएम जातीचा जुना हार्ड ड्राइव्ह असेल तर डेव्हिड गेसवाइन यांचा बीगलबोनवरचा एमएफएम इम्युलेटर घ्या. तो जुन्या ड्राइव्हचा मजकूरही उतरवतो, म्हणजे दोन्ही कामं एकाच बोर्डात. आरडी५३ नावाचा ७१ एमबीचा ड्राइव्ह ज्यांच्या नशिबी आलाय त्यांना या बोर्डाची किंमत कळेल. त्याच्या आतला रबराचा ठोकळा वर्षानुवर्षांनी वितळून गुळाच्या पाकासारखा होतो आणि हेड त्याला चिकटून बसतं.

तुमच्यासाठी मी युनिबोन सुचवेन, आणि आरएल११ काढू नका असंही सांगेन. दोन्ही कसं जमतं ते पुढे येईल.

युनिबोन हे जर्मनीतल्या यॉर्ग होप्पे यांचं काम. आरके११ (आरके०५चा कंट्रोलर) आणि एमएससीपी (डेकच्या नंतरच्या डिस्कची पद्धत) या दोन कंट्रोलरांचा कोड जॉश डर्श यांनी लिहिला. मधोमध बीगलबोन ब्लॅक नावाचा छोटा लिनक्स संगणक असतो. रास्पबेरी पाय सोडून हाच का? त्याच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरखेरीज पीआरयू नावाचे दोन छोटे प्रोसेसर आहेत. ते २०० मेगाहर्ट्झवर चालतात, बहुतेक सूचना बरोबर ५ नॅनोसेकंदांत उरकतात आणि लिनक्स त्यांच्या कामात नाक खुपसत नाही. युनिबसवर एका बाजूने एमसिन हा इशारा उचलला की दुसऱ्या बाजूने एससिन या इशाऱ्याने होकार द्यायचा असतो. काही मायक्रोसेकंदांत होकार आला नाही तर सीपीयू ‘त्या पत्त्यावर कुणी राहत नाही’ असं समजतो आणि ४ नंबरच्या व्हेक्टरवर ट्रॅप होतो, म्हणजे चालू काम सोडून चूक हाताळणाऱ्या कोडकडे उडी मारतो. लिनक्सला मधेच दुसरं काम आठवलं तर तो मिलिसेकंदभर गायब होऊ शकतो. म्हणून हस्तांदोलन पीआरयू करतात, आणि डिस्कचा विचार, म्हणजे कुठला सिलिंडर, कुठली फाइल, तो मुख्य प्रोसेसर करतो.

यात एक बारीक गोम आहे आणि ती मला फार आवडते. ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा प्रोग्राम) कंट्रोलरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आज्ञा-उत्तरांच्या कप्प्यात, आज्ञा लिहितो आणि लगेच पुढच्याच सूचनेत ‘झालं का?’ असं विचारतो. खऱ्या कंट्रोलरमध्ये आज्ञा लिहिल्याक्षणी ‘तयार’चा बिट खाली जातो, कारण तिथे फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एक बिट धरणारं सर्किट, आहे. इम्युलेटरमध्ये तो बिट खाली करणारा कोड लिनक्सच्या बाजूला बसलाय. त्याला बातमी कळायच्या आत सीपीयूने विचारलं तर जुनाच ‘तयार’ वाचला जाईल, आणि ड्रायव्हरला वाटेल की काम झालंसुद्धा. यावर युनिबोनचा तोडगा असा: अशा खास रजिस्टरला हात लागला की बसचं ते हस्तांदोलनच थोडं ताणून धरायचं, पलीकडच्या कोडने बिट बदलले की मग सोडायचं. युनिबस असिंक्रोनस असल्यामुळे हे खपतं. बसला घाई नसते, फक्त तिच्या सहनशक्तीबाहेर ताणू नका.

विजेच्या अंगानेही युनिबस आडदांड आहे. दोन्ही टोकांना टर्मिनेटर, प्रत्येकात पाच व्होल्टकडे १८० ओहम आणि जमिनीकडे ३९० ओहम. म्हणजे कुठलीही रेषा खाली ओढायची तर ५० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह गिळावा लागतो. बीगलबोनचे पिन ३.३ व्होल्टचे, त्यांना हा घास झेपणारा नाही. त्यासाठी युनिबोनवर खास युनिबससाठी बनलेल्या जुन्या ८६४१ जातीच्या चिपा बसवलेल्या असतात. ‘मी ब्रेडबोर्डवर स्वस्तात जमवतो’ म्हणणारे बहुतेक इथे अडखळतात.

आता कार्ड बसवताना. डीएमए करणाऱ्या (सीपीयूला मधे न घेता थेट मेमरीशी देवघेव करणाऱ्या) कार्डाच्या स्लॉटमध्ये बॅकप्लेनच्या, म्हणजे कार्डं खोचायच्या पाटीच्या, मागच्या बाजूला सीए१ आणि सीबी१ या दोन पिनांना जोडणारी एक छोटी वायर असते. ती एनपीजीची, म्हणजे डीएमएची परवानगी पुढच्या स्लॉटला पोचवणारी. स्लॉटमध्ये डीएमए कार्ड आलं की ती वायर काढायची, कार्ड काढलं की परत लावायची किंवा जी७२७३ हे पूलकार्ड घालायचं. ही वायर राहून गेली की लक्षण मोठं फसवं असतं. कन्सोलवरून कंट्रोलरची रजिस्टरं अगदी छान वाचता येतात, लिहिता येतात, माणूस खूश होतो आणि बूट म्हटलं की मशीन गप्प. रजिस्टर वाचताना डीएमए लागत नाही ना! मी यापायी एक अख्खा शनिवार सॉफ्टवेअर तपासत घालवला होता. शेवटी माझ्या मुलीने मागून टॉर्च धरली आणि विचारलं, “बाबा, बाकीच्या स्लॉटला ही निळी वायर नाहीये, याच एकाला कशी?” रिकाम्या राहिलेल्या स्लॉटमध्ये परवानगीची साखळी जोडणारं कार्ड आहे की नाही हेही बघा. साखळी एका जागी तुटली की पुढचे सगळे उपाशी.

पत्त्यांची टक्कर टाळा. तुमचा खरा आरएल११ ७७४४०० वर आहे. युनिबोनमध्येही आरएल११ सुरू केलात तर दोघं एकाच हाकेला ओ देतील आणि बसवर दोन्ही उत्तरांची भेळ होईल. म्हणून युनिबोनमध्ये आरके११ सुरू करा (पत्ता ७७७४००, व्हेक्टर २२०) किंवा एमएससीपी (७७२१५०, व्हेक्टर १५४). खरा आरएल११ आपल्या जागी राहतो, त्याला बरा झालेला ड्राइव्ह जोडता येतो आणि एकाच मशीनमध्ये खरी डिस्क आणि सोंगाची डिस्क शेजारी नांदतात. मग पॅक उतरवणं म्हणजे आरटी-११मधून डीएलवरून (खरी आरएल डिस्क) डीयूवर (सोंगाची एमएससीपी डिस्क) अख्ख्या डिव्हाइसची नक्कल, बस. घड्याळाबाबत तेच: डीएल११-डब्ल्यूवर लाइन क्लॉक असतंच, युनिबोनमधलं घड्याळ बंद ठेवा.

चालू-बंद करण्याची शिस्त मात्र बदलावी लागेल. ११/३४ची कळ दाबली की क्षणात प्रॉम्प्ट येतो. बीगलबोन मात्र लिनक्स उठवत बसलेला असतो. त्याला पाऊण-एक मिनिट द्या, मग बूट करा. बंद करताना गंमत उलटी होते. आरटी-११ला शटडाउन हा प्रकारच माहीत नाही. फाइल बंद झाली, प्रॉम्प्ट आला की लोक थेट कळ बंद करायचे, आणि त्यात चूक काहीच नव्हती. आता त्या डिस्कच्या खाली लिनक्स आहे, त्याने लिहायचा मजकूर मेमरीत राखून ठेवलेला असतो. जुन्या सवयीने कळ बंद केलीत तर कधीतरी आरटी-११ची डिरेक्टरी अर्धवट लिहिलेली सापडेल. मला सापडली आहे. तेव्हापासून मी मूळ प्रतिमा फक्त वाचण्यापुरती ठेवतो आणि रोजचं काम तिच्या नकलेवर करतो.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. डिस्कच्या बाबतीत न येणारं सोंग वेळेचं. आरएल०२ मिनिटाला २,४०० फेरे घेतो, म्हणजे एक फेरा २५ मिलिसेकंद, आणि हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी १२.५. हेड सरकायला सरासरी ५५ मिलिसेकंद. एसडी कार्डावरची फाइल यापुढे वाऱ्यासारखी. वेग वाढला की चांगलंच, असं वाटतं. पण डेकच्या एक्सएक्सडीपी या हार्डवेअर तपासणाऱ्या संचातल्या काही चाचण्या फेऱ्याची आणि हेड सरकण्याची वेळ मोजतात. त्यांना फार लवकर उत्तर मिळालं तर त्या ड्राइव्हलाच नापास करतात. हाताने लिहिलेल्या जुन्या ड्रायव्हरांत तर आज्ञा दिल्यावर इंटरप्ट (‘काम झालं’ अशी हाक) यायला वेळ लागणारच, अशी गृहीतं धरलेली असतात. इंटरप्ट ताबडतोब आला की ते गडबडतात. म्हणून सिमएचमध्ये डिस्कच्या विलंबाची रजिस्टरं आहेत, आणि युनिबोनमध्येही गती कमी-जास्त करता येते. काही विचित्र अडकलं तर इतर काही तपासण्याआधी गती खऱ्या ड्राइव्हइतकी करून बघा.

आरएल०२चे स्वभावही सांभाळावे लागतात. त्याला ‘२०० नंबरच्या सिलिंडरवर जा’ असं सांगता येत नाही. ‘इथून ३७ घरं आत सरक’ असंच सांगावं लागतं. म्हणजे ड्रायव्हरने आधी एखाद्या सेक्टरचं शीर्षक वाचून आपण आत्ता कुठे आहोत ते शोधायचं, वजाबाकी करायची आणि मग सरकायला सांगायचं. शिवाय ट्रॅक संपला की हस्तांतर पुढच्या ट्रॅकवर आपोआप जात नाही, तुकडे ड्रायव्हरनेच पाडायचे. आळशी इम्युलेटर ‘कुठलाही ब्लॉक मागा, देतो’ असं करून मोकळा होईल आणि आरटी-११ त्यावर चालेलही. पण कुणीतरी १९८० साली लिहिलेला प्रयोगशाळेतला खास ड्रायव्हर चालवायला जाल तेव्हा त्याचं बिंग फुटेल. इम्युलेटर पारखताना मी सगळ्यात आधी त्याच्या कोडमध्ये सीकचं, म्हणजे हेड सरकवण्याचं, फंक्शन उघडतो. तिथे वजाबाकी, दिशेचा बिट आणि टोकाला गेल्यावर काय करायचं, हे नीट लिहिलेलं असेल तर लेखकाने मॅन्युअल वाचलंय.

आणि ओपन सोर्सचा आग्रह तुम्ही धरलात, तो मला याच कारणाने पटतो. फुकट मिळतं हा भाग गौण. बीगलबोन ब्लॅकही एक दिवस बाजारातून जाणार, ८६४१ चिपा तर आत्ताच जुन्या साठ्यातून शोधाव्या लागतात. त्या दिवशी ज्याच्या हाती कोड असेल तो दुसऱ्या बोर्डावर संसार मांडेल. बंद डबा विकत घेतलेला माणूस मात्र १९९८ला डेक कॉम्पॅकच्या पोटात गेल्यावर ग्राहक जिथे होते तिथेच येऊन उभा राहील.

आता पॅक उतरवण्याचं. ड्राइव्ह बरा झाला आणि युनिबोन अजून हाती नसेल तर होप्पे यांचाच पीडीपी११जीयूआय हा विंडोजवरचा प्रोग्राम वापरा. तो कन्सोलच्या तारेवरून तुमच्या वतीने टाइप करतो, मशीनमध्ये छोटा प्रोग्राम भरतो आणि डिस्क वाचून पाठवतो. ९,६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट येतात, म्हणजे एका आरएल०२ पॅकला तीन तासांच्या वर. सहा पॅक म्हणजे दोन दिवस धरा. इतका वेळ जुना ड्राइव्ह फिरता ठेवणं मला आवडत नाही, त्यामुळे जमलं तर युनिबोनची वाट बघा. त्याने तेच काम मिनिटांत होतं. पॅक घालण्याआधी तो टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. गोल चकचकीत रेघ दिसली की तो पॅक बाजूला.

उतरवलेली फाइल तपासायची माझी पद्धत सांगतो. पहिलं, आकार. आरएल०२ म्हणजे ५१२ सिलिंडर, २ हेड, ४० सेक्टर, २५६ बाइट: बरोबर १,०४,८५,७६०. आरएल०१ याच्या निम्मा. आरके०५ची अख्खी फाइल २४,९४,४६४ बाइटांची, पण आरटी-११ त्यातले ४,८०० ब्लॉकच वापरतं, म्हणून २४,५७,६०० ची फाइल दिसली तर घाबरू नका. दुसरं, पॅक दोनदा वाचून दोन्ही फाइलींची बेरीज-खूण (चेकसम) जुळते का बघा. जुळली नाही तर तिसऱ्यांदा वाचून नेमके कुठले सेक्टर डळमळताहेत ते शोधा. तिसरं, हेक्स एडिटरमध्ये उघडा. आरटी-११चा पॅक असेल तर दुसऱ्या ब्लॉकच्या शेवटाकडे ‘डीईसीआरटी११ए’ ही अक्षरं दिसतात. त्याऐवजी ‘ईडीआरसी१टीए१’ अशी जोड्याजोड्यांनी उलटलेली दिसली, तर वाचणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक शब्दाचे दोन बाइट अदलाबदल केलेत. डिस्क ठीक आहे, फाइल सरळ करून घ्या. याच कारणाने एकाने परिपूर्ण उतरवलेला पॅक ‘खराब’ म्हणून टाकून दिलेला मी पाहिलाय.

शेवटचा ट्रॅकही सोडू नका. आरएल०२च्या शेवटच्या ट्रॅकवर खराब सेक्टरांची यादी असते. सिमएच नवी आरएल प्रतिमा बनवताना तो ट्रॅक लिहू का, असं विचारतं. नव्या रिकाम्या प्रतिमेला हो म्हणा, पण उतरवलेल्या पॅकच्या प्रतिमेबाबत कधीही नाही.

फाइल साधी ठेवण्याबद्दल मी जरा हट्टी आहे. २०२२ मध्ये सिमएचमध्ये यावरूनच मोठी फूट पडली. डिस्क-प्रतिमेच्या शेवटी सिम्युलेटर स्वतःहून आपली माहिती जोडू लागला, म्हणजे प्रतिमा सिम्युलेटरला नुसती लावली तरी फाइल बदलायची. जुना मजकूर जपणाऱ्यांना हे अर्थातच खपलं नाही. त्यातून ओपन सिमएच हा वेगळा प्रकल्प एमआयटी परवान्याखाली उभा राहिला, आणि मी आता तोच वापरतो. आपोआप जोडण्यामागचा हेतू वाईट नव्हता, आकार ओळखणं सोपं व्हावं एवढाच होता. पण उतरवलेला पॅक हा पुरावा असतो, त्यावर कुणी सोयीसाठीसुद्धा शिक्का मारू नये. माहिती शेजारी वेगळ्या मजकूर-फाइलीत लिहा: पॅकवरच्या लेबलवर काय होतं, कुठल्या ड्राइव्हने वाचला, तारीख, कुठले सेक्टर वाचले गेले नाहीत.

नेटवरून प्रतिमा आणाल तेव्हा एक खड्डा फ्लॉपींचा आहे. आरएक्स०१ची पूर्ण फाइल २,५६,२५६ बाइटांची असते. पण काहींनी ती सेक्टरच्या भौतिक क्रमाने ठेवलेली असते, तर काहींनी पहिला ट्रॅक गाळून आणि सेक्टर एकाआड एक लावून, म्हणजे आरटी-११ला दिसणाऱ्या क्रमाने. एकच फ्लॉपी, दोन वेगळ्या फाइली. चालली नाही की आधी हा संशय घ्या.

चालवायचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण आरके११ सुरू करायला सांगितलं त्याचं अर्धं कारण तेच. १९७५चं सहाव्या आवृत्तीचं युनिक्स ११/३४वर छान चालतं. जानेवारी २००२ मध्ये काल्डेरा कंपनीने जुनी युनिक्स मोकळी केली, त्यामुळे परवान्याचाही प्रश्न नाही. त्यात आरएलचा ड्रायव्हर नाही, आरएल०२ तेव्हा जन्मालाच आलेला नव्हता. आरके०५चा मात्र आहे, म्हणून सोंगाची आरके डिस्क इथे खऱ्या आरएलपेक्षा उपयोगी. एका गोष्टीने नवे लोक हटकून फसतात. एम९३१२ बूट रॉमचा प्रॉम्प्ट ‘@’ असतो, आणि युनिक्सच्या बूट ब्लॉकचाही ‘@’च. पहिल्यावर डीके० टाइप करायचं, तर दुसऱ्यावर आरकेयुनिक्स. ‘मी बूट केलं, पण परत तिथेच आलो’ असं वाटलं तर तुम्ही परत आलेला नाही, एक पायरी पुढे गेलाय. आणि ‘नो क्लॉक’ म्हणून पॅनिक झालं तर डीएल११-डब्ल्यूवरचे घड्याळाचे स्विच बघा.

तर या आठवड्यात इतकंच करा: सहाही पॅकच्या लेबलांचे फोटो काढा, ओपन सिमएचवर सहावं युनिक्स बूट करून बघा, आणि बॅकप्लेनच्या मागे टॉर्च घेऊन कुठल्या स्लॉटला सीए१-सीबी१ वायर आहे आणि कुठल्याला नाही, ते कागदावर उतरवून घ्या. आरएल११ ज्या स्लॉटमध्ये आहे त्याला ती नसायला हवी. असली, तर तुमच्या फॉल्ट दाखवणाऱ्या ड्राइव्हखेरीज आणखी एक दोष तुम्हाला फुकटात सापडला.